दानाला कुणी घाबरेना

त्या वर्षी मे महिन्यात प्रागच्या टेनिस स्पर्धेत सगळ्या जणी माझ्या बहिणीशी गोड वागायला लागल्या, आणि तिला ते मुळीच आवडलं नाही.

माझी बहीण म्हणजे बोहदाना मालिन्कोवा. घरात दाना. मी हेदविका, तिच्याहून चार वर्षांनी मोठी. ती मला हेदा म्हणते, आणि चिडली की 'मास्तरीणबाई', कारण एके काळी मी आमच्या मोराविया प्रांतातल्या गावात शाळेत भूगोल शिकवायचे.

दाना सलग सहा वर्षं जगात पहिली होती. त्यानंतरही बराच काळ पहिल्या तिघींतून खाली आली नाही. प्रागची स्पर्धा तर तिची घरचीच. बाविसाव्या वर्षी ती तिथे पहिल्यांदा खेळली आणि जिंकली, आणि पुढे जेव्हा जेव्हा तिथे उतरली तेव्हा जिंकूनच घरी आली. व्ल्तावा नदीतल्या बेटावर ती कोर्टं आहेत, विटेच्या तांबड्या चुऱ्याची. डोक्यावरच्या पुलावरून ट्राम जाते. दानाचा सामना चालू असला की ट्रामवाले घंटा वाजवत नाहीत, असं लोक कौतुकाने सांगायचे. साफ खोटं. घंटा वाजायची, पण दानाला ऐकू जायची नाही.

तिला सगळ्या जणी घाबरायच्या. ती भांडायची नाही, ओरडायची नाही, रॅकेट आपटायची नाही. नुसती बघायची. समोरचीने सुंदर फटका मारला तरी तेच बघणं, चुकली तरी तेच. आमचे प्रशिक्षक ओताकर यिर्कू म्हणायचे, "या पोरीचा चेहरा म्हणजे रविवारी बंद असलेलं पोस्ट ऑफिस." कपडे बदलण्याच्या खोलीत ती शिरली की बोलणं थांबायचं. खेळाडूंच्या खाणावळीत आम्ही दोघी ज्या टेबलाशी बसायचो त्याच्या शेजारची टेबलं रिकामी राहायची. मला सुरुवातीला ते फार लागायचं. मी म्हटलं होतं, "अगं, एखादीशी बोल तरी. माणसात राहा जरा." ती म्हणाली, "जेवताना जी मला घाबरते, ती सर्व्हिस करताना घाबरणारच. मी बोलले की तिचा फायदा."

त्यामुळे बोलायला मी एकटी. तिचं लग्न मोडलं त्या उन्हाळ्यात मी तिच्यासोबत गेले. नवरा आइस हॉकी खेळायचा, माणूस वाईट नव्हता, पण दोघं वर्षातून महिनाभर एका छताखाली असायचे. 'फक्त हा उन्हाळा' म्हणून मी शाळेतून रजा घेतली आणि मग परत गेलेच नाही. तिचं सामान, तिची तिकिटं, तिचं सूप, पहाटे तिच्या गुडघ्याला बर्फ, सगळं माझ्याकडे. जगातली किती शहरं पाहिलीस, असं गावातले लोक विचारतात. मी हॉटेलांच्या खिडक्यांतून वाहनतळ पाहिले. भूगोलाच्या बाईला एवढंच.

आदल्या शरद ऋतूत दानाच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. हिवाळाभर ती कोर्टबाहेर होती. मार्चमध्ये परतली आणि लागोपाठ दोन स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरली, तेही ज्यांची नावं आम्हाला कागदावर वाचावी लागली अशांकडून. वर्तमानपत्रांना विषय मिळाला. एकाने तिचा पाठमोरा फोटो छापला आणि खाली लिहिलं, 'सूर्यास्त?' ओताकरांनी तो अंक फाडून बुटांत कोंबला. बूट ओले होते म्हणून, असं म्हणाले. तिचं वय तेव्हा छत्तीस होतं.

मग प्राग आलं.

पहिल्या फेरीचा सामना तिने सहज जिंकला. मी बाहेर पिशव्या घेऊन उभी होते. ती बाहेर आली ती हरल्यासारखी.

"काय झालं गं?"

"काही नाही." थोडं चालून गेल्यावर म्हणाली, "त्या पोलिश पोरीने मला मलम दिलं."

"कसलं?"

"गुडघ्याला लावायला. मी पट्टी सोडत होते, तर आपणहून उठून आली. म्हणाली, माझ्या आईला याने फार आराम पडतो."

मी हसले. ती हसली नाही.

"आणि कोपऱ्यातल्या बाकावर एक जण बसली होती, ती सरकली. म्हणाली, ये, बस. हेदा, इतक्या वर्षांत मला कुणी 'बस' म्हटलं नव्हतं. मी गेले की बाक आपोआप रिकामा व्हायचा."

"चांगलंच आहे की मग. माणसासारखं वागतात."

"हो ना," दाना म्हणाली, आणि गाडीत बसून तिने काच वर केली.

दुसरी फेरी तिने जिंकली, उपांत्यपूर्वही जिंकली, पण तिसऱ्या सेटमध्ये, आणि जिंकल्यावर ती खुर्चीवर इतका वेळ बसून राहिली की पुढच्या सामन्याच्या पोरी येऊन ताटकळल्या. उपांत्य फेरीत तिची गाठ युस्तिना व्रानोवाशी होती. युस्तिना एकोणीस वर्षांची, आमच्याच बाजूची, आमच्या गावापासून सायकलने जाता येईल अशा खेड्यातली. उंच, हाडापेराने मजबूत, नाकावर उन्हाने सोललेली कातडी. हसली की सगळे दात दिसायचे.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही जेवत होतो. दानापुढे भात आणि मासा, माझ्यापुढे मलईच्या रस्स्यातलं गोमांस आणि पावाचे उकडलेले गोळे. अचानक एक थाळी आमच्या टेबलावर आली.

"इथे कुणी बसलंय का?"

मी मान हलवली. युस्तिना धपकन बसली. आजूबाजूच्या दोन-तीन टेबलांवरच्या माना वळल्या.

"अय्या, तुम्ही गोळे घेतलेत! चांगले आहेत का? काल दगड होते नुसते. माझी आजी म्हणते, प्रागवाल्यांना गोळे येत नाहीत, त्यांना फक्त पूल बांधता येतात." ती मला सांगत होती. मग दानाकडे वळली. "आजी तुमचे सगळे सामने बघते. म्हणते, या पोरीला घरी कुणी जेवू घालत नाही का? मी म्हटलं, उद्या विचारते."

"हिचं काम आहे ते," दाना माझ्याकडे काटा दाखवत म्हणाली.

"घालते हो," मी म्हटलं, "पण खात नाही ती."

युस्तिना खळखळून हसली. "आणि गुडघा कसा आहे आता? काल शेवटी तुम्ही डाव्या पायावर जोर देत होतात. मला कसंतरीच झालं बघताना. बर्फ लावता ना?"

"लावते."

"नीट काळजी घ्या हं."

ती बोलत राहिली. खेड्यातल्या क्लबची गंजलेली जाळी, आजीची बदकं, मोटार चालवण्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्याचं. मला ती आवडली. ती थाळी घेऊन उठली तेव्हा टेबल एकदम ओसाड वाटलं. दानाने मासा तसाच ठेवला होता.

"गोड आहे पोरगी," मी म्हटलं.

"तिने मला 'तुम्ही' म्हटलं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आमच्या टेनिसमध्ये सोळा वर्षांची पोरही चाळिशीच्या बाईला 'तू' म्हणते. कपडे बदलायच्या खोलीत वय नसतं. 'तुम्ही' म्हणायचं शाळेतल्या बाईंना, डॉक्टरांना, शेजारच्या म्हाताऱ्या आजीला. मला म्हटलं ते ठीकच होतं.

"खेड्यातली आहे. वळण असतं त्यांना."

"हेदा, ती लबाडी करत असती तर मला आवडलं असतं. मला डिवचायला गुडघ्याचं विचारत असती तर मी उद्या तिला धुऊन काढलं असतं. पण तिला खरंच वाईट वाटत होतं." तिने थाळी सरकवली. "मी तिला आवडते. या सगळ्यांना मी आवडायला लागलेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला होता. फार नाही, पण वाटीच्या बाजूला बोट दाबलं की खड्डा राहत होता. डॉक्टर आले, त्यांनी पाय वाकवून पाहिला, म्हणाले, खेळलात तर लगेच काही तुटणार नाही. दुखेल. तुम्ही ठरवा. ते गेल्यावर ओताकर खिडकीपाशी पाठ करून उभे राहिले. हा माणूस दाना बारा वर्षांची असल्यापासून तिला शिकवत होता. त्याच्या दोन्ही कोपरांनी कधीच राजीनामा दिला होता आणि तो मुख्यतः शब्दांनीच खेळायचा. शब्द सापडत नसले की त्याला खिडकी लागायची.

"दानुश्का," ते म्हणाले. हे नाव ते वर्षातून एकदा काढायचे. "नाव मागे घे."

दाना मोजा घालत होती. ती थांबली.

"डॉक्टरांचा कागद आहे. कुणी बोट दाखवणार नाही. पॅरिस दोन आठवड्यांवर आहे, त्याच्यासाठी पाय जप. आणि," ते जरा अडखळले, "इथे तू कधी हरलेली नाहीस. न खेळता बाहेर पडलेलं हरण्यात धरत नाहीत. पन्नास वर्षांनीही लोक म्हणतील, त्या बेटावर मालिन्कोवाला कुणी हरवलं नाही."

"म्हणजे मी आज हरणार, असं तुम्हाला वाटतं."

"मला तसं वाटत नाही."

"मग खिडकीशी का बोलताय? माझ्याशी बोला."

ते वळले. त्यांचे डोळे मी पाहिले आणि खाली बघितलं. दानाने माझ्याकडे तोंड केलं.

"तुझं काय म्हणणं, मास्तरीणबाई?"

मी खरं बोलले. "मलाही वाटतं, नको खेळूस. कशाला? आता कुणाला काय दाखवायचं राहिलंय?"

 ती मोजा वर ओढत म्हणाली, "तुम्हा दोघांना माझं कपाट हवंय, चषकांचं. काच लावलेलं. मी खेळायला आलेय. मला कळायला हवं की संपलंय की नाही. पेपरवाले सांगणार, तुम्ही सांगणार, ती पोलिश पोरगी मलम देऊन सांगणार. मला कोर्टवरच कळेल, दुसरीकडे कुठे कळणार? आज बाहेर पडले तर जन्मभर वाटत राहील, जिंकले असते." तिने उभं राहून पाय टेकवला, तोंड वाकडं झालं, सरळ केलं. "चला, ओताकर. बूट द्या. आणि त्यात पेपर कोंबलेला असेल तर काढून द्या."

दुपारी गॅलरी खच्चून भरली होती. लोकांनी चेस्टनटच्या झाडांखालीही गर्दी केली होती. मी नेहमीच्या जागी ओताकरांच्या शेजारी बसले. तो हंगाम असा की झाडांची पांढरी फुलं वाऱ्याने कोर्टवर येऊन पडत, आणि बॉल उचलणारी मुलं ती गोळा करत.

पहिला सेट दानाने बुद्धीने घेतला. पळायचं नाही असं तिने ठरवलं होतं. बॉल खाली, घोट्याएवढा, कापून मारायची. युस्तिनाला उंच, वेगवान बॉल लागायचे, तिला वाकवून वाकवून बेजार केलं. मध्येच जाळीजवळ हलकेच बॉल ठेवायची, की ती बिचारी धावत सुटायची. ओताकर दातांत पुटपुटले, "म्हातारी कोल्हीण." त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्यावर आपटत होता.

दुसरा सेट युस्तिनाने घेतला, नुसत्या ताकदीने. त्यात सांगण्यासारखं काही नाही. दाना दूरचे बॉल सोडून देत होती, शक्ती राखत होती.

तिसऱ्यात चार-चार झाले. सर्व्हिस दानाची, आणि गुण बरोबरीत. हा गेम कुणाचा, यावर सगळं अडलेलं. दानाने चांगली सर्व्हिस केली, युस्तिनाने ती परतवली, मग एक लांबच लांब अदलाबदल चालली. युस्तिनाने एकदम कोपऱ्यात मारला. दाना घसरत गेली, मातीवर आम्ही लहानपणापासून घसरतो तशी, रॅकेट लावली, बॉल उंच, मऊ, अर्ध्या कोर्टात गेला. आणि तिचा उजवा पाय आत वळला. ती पडली. हात पुढे टेकायलाही वेळ नव्हता. खांदा, गाल, सगळं मातीत.

मी डोळे झाकले.

सामन्याचा आवाजच बंद झाला. मी बोटं बाजूला केली तेव्हा बॉल युस्तिनाच्या शेजारी टप्पे खात लांब चालला होता. सोपा बॉल. पोरानेही मारला असता. समोरचं सगळं कोर्ट रिकामं होतं. तिने तो मारला नव्हता. तिने रॅकेट टाकली होती आणि ती जाळीला वळसा घालून दानाकडे धावत होती.

लोक उभे राहिले. टाळ्यांचा नुसता पाऊस. कुणीतरी रडतही होतं. युस्तिनाने दानाच्या काखेत हात घातला आणि तिला उचललं, तिचा गाल आपल्या मनगटपट्टीने पुसला. पंचाने गुण दानाला दिला, कारण बॉल परत आला नव्हता. टाळ्या आणखी वाढल्या. असं दृश्य लोकांना वर्षानुवर्षं पुरतं.

आम्ही कोर्टच्या अगदी कडेला होतो, म्हणून आम्हाला ऐकू आलं.

"बॉल का नाही मारलास?" दाना म्हणाली.

"तुम्ही पडलात ना!"

"मी पडले. बॉल नव्हता पडला."

 युस्तिना तशीच तिचा हात धरून उभी. दानाने हात सोडवून घेतला. डॉक्टर धावत येत होते, त्यांना तिने थांबवलं. पाय झटकला, कपड्यांवरची माती झाडली आणि सर्व्हिसच्या रेषेकडे लंगडत गेली. आता तिला एक गुण हवा होता, की गेम तिचा.

तिने बॉल वर फेकला आणि मारला. मागच्या भिंतीवर. सरळ, जमिनीला न लागता, भिंतीवर. लोक हसले, बिचारी हादरलीय म्हणून. तिने दुसरा बॉल घेतला, टप्पाही मारला नाही, पुन्हा तसाच मारला. त्याच भिंतीवर, जवळजवळ त्याच जागी.

गेम पुन्हा बरोबरीत. तिने मिळालेला गुण परत देऊन टाकला होता.

गॅलरीला ते समजायला जरा वेळ लागला. मग हसणं थांबलं. लोकांना वाईट वाटलं, मला वाटतं. त्यांच्या हातातलं काहीतरी गोड कुणी काढून घेतल्यासारखं. पंचाने माइकवर हात ठेवून तिला काही विचारलं, तिने नकारार्थी मान हलवली. ओताकर म्हणाले, "गाढव." त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

दाना जाळीकडे दोन पावलं गेली आणि समोर बघत म्हणाली, "आता खेळ."

युस्तिनाचा चेहरा पडला होता. ती लालबुंद झाली, एखाद्या मुलीला सगळ्या वर्गासमोर कान धरून उभं केल्यासारखी. पुढचे दोन गुण ती खेळलीच नाही धड, आणि दानाने गेम घेतला. पाच-चार. आता आणखी एक गेम, की सामना दानाचा.

खुर्चीवर बसल्यावर युस्तिनाने टॉवेल डोक्यावरून घेतला. तिने टॉवेल काढला तेव्हा मी पुढे सरकून बघितलं. ती दानाकडे बघत होती आणि त्या बघण्यात ना आजी होती, ना बदकं, ना गुडघा. मला ते बघणं ओळखीचं होतं. मी ते इतकी वर्षं जेवणाच्या टेबलावर समोर पाहत आले होते.

पुढे काय झालं ते मला सांगायला आवडत नाही, पण झालं. युस्तिनाने आपली सर्व्हिस राखली. मग दानाच्या सर्व्हिसवर तिने जाळीजवळ हलके बॉल टाकायला सुरुवात केली. एकामागून एक. दानाला पुढे पळवायची, मग डोक्यावरून मागे. दुखऱ्या पायावर. मी मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या, निर्दय, मेली, थोडी तरी लाज बाळग. आणि दाना पळत होती. प्रत्येक बॉलमागे पळत होती. अर्धे तिने गाठलेही. तो गेम गेला, आणि शेवटच्या गेममध्ये तिने दोन मॅच पॉइंट वाचवले, त्यातला एक असा बॅकहँड मारून, की तसा तिने पंचविसाव्या वर्षीही मारला नसेल. तिसरा वाचला नाही. बॉल जाळीच्या पट्टीला लागून तिच्याच बाजूला पडला.

त्या बेटावर दाना मालिन्कोवा हरली.

जाळीपाशी दोघी भेटल्या. युस्तिना हसली नाही. म्हणाली, "तू ते मुद्दाम केलंस ना? दोन्ही सर्व्हिस?"

"उद्या अंतिम सामन्यात कुणाला उचलायला जाऊ नकोस," दाना म्हणाली. "तोंडावर आपटली तरी."

मग ती दोन्ही पिशव्या स्वतःच खांद्याला लावून आत गेली.

पत्रकारांच्या खोलीत माणसं भिंतींना चिकटून उभी होती. एका जुन्या, दानाला पहिल्यापासून ओळखणाऱ्या बातमीदाराने अगदी हळुवार आवाजात विचारलं, "बोहदाना, आज एक युग संपलं असं म्हणायचं का?"

"मी अजून कपडेसुद्धा बदललेले नाहीत," दाना म्हणाली, "आणि तुम्ही युगं बदलताय."

सगळे हसले. तीही हसली, बहुतेक पहिल्यांदाच त्या खोलीत. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तोच हसरा फोटो. मी तिच्या मागे उभी होते, म्हणून मला तिचा हात दिसत होता. टेबलाखाली तो दुखऱ्या पायाची मांडी घट्ट धरून होता.

सकाळी आम्ही गाडीने घरी आलो. ओताकर प्रागमध्येच राहिले, मुलीकडे. दानाचं घर गावाबाहेर तळ्याकाठी आहे, मोठं, पांढरं, हॉकीवाल्याच्या काळात बांधलेलं. तिथे निम्म्या खोल्यांतल्या खुर्च्यांवरची प्लॅस्टिकची आवरणंही काढलेली नाहीत. आम्ही स्वयंपाकघरात बसून अंतिम सामना पाहिला. मी शतावरीचे कोंब सोलत होते. युस्तिना रडवेली होऊन हरली, कझाखस्तानच्या एका मुलीकडून, तासाभरात. तिच्या पायात जीवच नव्हता.

"दमलीय," दाना म्हणाली. जरा वेळाने, "माझ्यामुळे दमलीय." तिच्या आवाजात इतकं समाधान होतं की मला हसू आलं. तिने टीव्ही बंद केला.

"हेदा, पॅरिसला मी एकटी जाते."

"म्हणजे? ओताकर?"

"ते येतील. तू नको."

माझ्या हातातली सुरी थांबली. "काय चुकलं माझं?"

"मी पडले तेव्हा तू डोळे झाकलेस."

"तू कसं पाहिलंस? तू मातीत होतीस."

"उठताना. सगळे उभे होते, तू एकटी बसलेली, तोंडावर हात." ती आरोप करत नव्हती. हवामानाबद्दल बोलावं तशी बोलत होती. "आधी कधी झाकले नव्हतेस. मेलबर्नला मी उलट्या करत खेळले, तेव्हाही तू टक लावून बघत होतीस. आता पुढे मी पडणार आहे, अगं. वरचेवर पडणार. मला खेळायचंय अजून, कितीही खाली जाऊन, लहान स्पर्धांत, कुठेही. पण दर वेळी वर बघितलं की तुझे हात तोंडावर दिसणार. ते मला नाही झेपणार."

"मी तुझी बहीण आहे, दाना. कोच नाहीये."

"म्हणून म्हणते. घरी राहा. बहीण घरी असू दे."

मला पुष्कळ बोलायचं होतं. माझं घर कुठे होतं? गावात दोन खोल्या, तिथल्या कुंड्या शेजारीण पाणी घालून जगवायची. तुझ्यासाठी मी काय काय सोडलं, हे तोंडापर्यंत आलं. पण ते खरं नव्हतं. मी सोडलं ते मला जड झालं होतं म्हणून, तिच्या पिशव्या त्यापेक्षा हलक्या होत्या. मी शतावरी सोलत राहिले. तिने उठून दुसरी सुरी घेतली आणि माझ्या शेजारी बसून सोलायला लागली, वाईट, जाड सालं काढत.

"अर्धी भाजी सालात चाललीय," मी म्हटलं.

"मग शिकव ना, मास्तरीणबाई."

पॅरिसला ती दुसऱ्या फेरीत हरली. उन्हाळ्यात क्रमवारीत घसरली, मग आणखी घसरली. मोठ्या स्पर्धांनी तिला आधी मध्यवर्ती कोर्टवरून काढलं, मग पात्रता फेरीत घातलं. पेपरवाल्यांनी निरोपाचे लेख लिहून टाकले, आणि ती निरोप घेईना, तेव्हा ते चिडले. कुणी लिहिलं, हिला कुणीतरी समजावायला हवं. त्या माणसाने मला फोन केला. मी म्हटलं, मी भूगोलाची बाई आहे, मला फक्त नद्या समजावता येतात.

सप्टेंबरपासून मी शाळेत आहे, एका बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईच्या जागी. मुलं मला विचारतात, मालिन्कोवा तुमची खरीच बहीण का? मी हो म्हणते. त्यांच्यातल्या निम्म्यांना ती कोण हे त्यांच्या आयांनी सांगितलेलं असतं.

दाना रविवारी फोन करते. फार बोलत नाही. रोमानियात पाऊस आहे, हॉटेलातली उशी दगड आहे, आज ओताकर एका पंचाशी भांडले. मागच्या महिन्यात एका डोंगरातल्या गावात तिने एक स्पर्धा जिंकली. चषक पितळी होता आणि त्यावर तिचं नाव चुकीचं कोरलं होतं, हे सांगताना ती हसून हसून बोलूच शकत नव्हती. मीही हसले. फोन ठेवल्यावर खोलीत घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला.

आज ती पोर्तुगालमध्ये खेळतेय, समुद्राकाठच्या कुठल्याशा क्लबात. टीव्हीवर नाही. फोनवर फक्त आकडे बदलतात, आणि जिची सर्व्हिस तिच्या नावापुढे एक हिरवा ठिपका येतो. ती पळतेय की लंगडतेय, पडली की नाही, आकड्यांतून काही दिसत नाही. तिसरा सेट चालू आहे. मी शाळेतून येऊन बटाट्याचं सूप टाकलंय आणि ते ढवळायचं राहिलंय. आत्ता ठिपका तिच्या नावापुढे आला. मी गॅस बारीक केला आणि बसले बघत.